‘आधी’च्या फोटोतला माणूस

मूळव्याध झालेला माणूस कसा दिसतो, हे सत्तर-ऐंशीच्या दशकात मराठी पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो मिठबावकरांसारखा दिसायचा. पित्ताने हैराण झालेला माणूसही मिठबावकरांसारखाच दिसायचा. रात्रभर झोप नसलेला, गजकर्णाने बेजार झालेला, केस गळून हवालदिल झालेला, सगळे तेच. जाहिरातीत तेव्हा दोन चौकटी असत. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. आमचे मिठबावकर काका जन्मभर डाव्या चौकटीत राहिले.

आमचे म्हणजे सानपाड्याच्या आमच्या सोसायटीतले. मी तिथला सेक्रेटरी, म्हणजे लिफ्ट बंद पडली की ज्याच्या नावाने खडे फोडतात तो. माझ्याच मजल्यावर, समोरच्या दाराआड हे गृहस्थ इतकी वर्षं राहतात, जिन्यात भेटले की भिंतीला चिकटून वाट देतात, मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसतात, ग्रुप फोटो निघाला की नेमके पाणी प्यायला जातात. मला वाटायचं, माणूस भिडस्त आहे. कोकणातले असून भिडस्त, हेच मला नवल होतं.

नंदकुमार मिठबावकर आता ब्याऐंशी पार केलेले. फोर्टातल्या एका लहानशा जाहिरात कंपनीत ते बिलं करायचे. कंपनीची गिऱ्हाइकं बहुतेक औषधवाली, मालक एक नंबरचा चिकट. ‘नंतर’च्या चौकटीसाठी हसरा, मिशाळ, देखणा माणूस लागे, तो बाहेरून पैसे मोजून आणायचा. ‘आधी’साठी कशाला खर्च? दुःखी माणूस ऑफिसात आयताच होता. मालक केबिनमधून हाक मारायचा, ‘‘मिठबावकर, बिलं ठेवा, तोंड पाडून या जरा.’’ काका शर्टाच्या बाह्या सरळ करत दिव्यांपुढे जाऊन बसायचे. फोटो निघाला की परत बिलं. महिनाभर चूर्ण घेतल्यावर या गृहस्थांचं नाक आणि हनुवटीसुद्धा कशी बदलली, असं एकाही वाचकाने कधी पत्र टाकून विचारलं नाही. आपला समाज फार विश्वासू.

हे सगळं झाकलेलंच राहिलं असतं. उघडं पाडलं ते सगुणाकाकींनी, म्हणजे काकांच्या पत्नींनी, आणि तेही मोठ्या हौसेने.

झालं असं की बेलापूरला जुन्या जाहिरातींचा संग्रह करणारी एक संस्था निघाली आहे. काकांची कंपनी बंद पडून जमाना झाला, पण मालकाच्या नातवाला तुर्भ्याच्या एका गोदामात कंपनीचं सगळं दप्तर सापडलं. छापून आलेली प्रत्येक जाहिरात कापून चिकटवलेल्या जाडजूड वह्या, पाकिटांत भरलेल्या निगेटिव्ह. नातवाने ते संस्थेला देऊन टाकलं. संस्थेतल्या मुलांनी वह्या उघडल्या तर पानोपानी एकच पडलेलं तोंड, आणि नाव कुठेही नाही. मॉडेलचं नाव बिलात असतं. या माणसाचं बिलच कधी झालेलं नव्हतं. मग त्यांनी पेपरात फोटो देऊन विचारलं, ‘हा चेहरा कोणाचा? ओळखत असल्यास कळवा.’ काकींनी त्याच दुपारी फोन लावला आणि सांगितलं, ‘‘हे आमचे हे.’’ नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही.

दोन दिवसांनी अक्षता नावाची मुलगी गेटवर आली. संस्थेत ती हे दप्तर लावायचं काम करते. वॉचमनने सवयीप्रमाणे तिला माझ्याकडे धाडलं, मी सवयीप्रमाणे तिला समोरच्या दारापर्यंत सोडायला गेलो आणि आतही गेलो. काकांनी दार उघडलं तशी ती आनंदाने ओरडलीच, ‘‘काका! तुम्हीच ना ‘आधी’वाले काका? आम्ही ऑफिसात रोज तुमच्याबद्दल बोलतो!’’

काका पांढरेफटक पडले. मागे सरकले, लुंगी सावरली, आणि मग मला काय दिसलं असेल? पेपरातलं ते तोंड. मी लहानपणी ते किती वेळा पाहिलं होतं! वडील पेपर वाचायचे आणि मी पाठीमागून त्या तोंडाला पेनाने दाढीमिशा काढायचो. इतकी वर्षं रोज जिन्यात भेटूनही मला ओळख पटली नव्हती, कारण जिन्यात काका कायम हसतमुख असायचे.

अक्षताने बैजवार सांगितलं. संस्थेचं पहिलं प्रदर्शन भरणार आहे. समोरच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, काकांचा एक फोटो लावायचा आहे, एका टॉनिकच्या जाहिरातीतला. त्यासाठी काकांची सही हवी आणि कॅमेऱ्यासमोर एक मुलाखत हवी. ‘‘काका, तुमचं करिअर म्हणजे एक अख्खा काळ आहे,’’ ती म्हणाली.

‘‘माझं करिअर बिलांचं आहे,’’ काका म्हणाले, ‘‘ती लावा भिंतीवर.’’ आणि आत जाऊन त्यांनी बाथरूमचं दार लावून घेतलं. चहा होऊन निवला तरी बाहेर आले नाहीत.

रविवारी त्यांची मुलगी प्राची आली. वाशीला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने मला जिन्यातच गाठलं. ‘‘सेक्रेटरी, तुम्ही यात पडू नका हं. आधीच आईने हात दाखवून अवलक्षण केलंय.’’ मी म्हटलं, अगं, कौतुकच होतंय की वडलांचं. तेव्हा तिचा आवाज चढला. शाळेत तिला पोरी ‘मलम’ म्हणायच्या. वर्गात नुसतं कोणी खुर्चीवर जपून बसलं तरी पन्नास माना तिच्याकडे वळायच्या. तिचं लग्न ठरताना मुलाच्या आत्याने चारचौघांत विचारलं होतं, ‘‘मुलीच्या वडलांना तो त्रास अजून आहे का हो?’’ प्राची सांगत होती आणि मला हसू आवरत नव्हतं, आणि ते तिला दिसत होतं. ‘‘बघा,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्हीपण हसताय. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांना लाज वाटते, मला लाज वाटते, मग आईला एकटीला कसली हौस आलीय?’’

काकींची हौस खरीच अजब होती. त्यांनी कपाटाच्या तळातून एक जाड अल्बम काढून मला दाखवला होता. लग्नाचे फोटो लावायचा तसला, सोनेरी दोरीचा. त्यात लग्नाचे दोनच, बाकी सगळी कात्रणं. पित्त, खाज, निद्रानाश, मूळव्याध, तारीखवार. मी मनात म्हटलं, बाईला नवरा पेपरात आल्याचंच अप्रूप. कशासाठी आला याच्याशी काय देणंघेणं? कुठे फट दिसली की मी बोट घालतोच, हा माझा स्वभाव. शिवाय सोसायटीचं नाव पेपरात येणार होतं. मी काकींच्या बाजूने उभा राहिलो आणि काकांना रोज जिन्यात टोचू लागलो.

शेवटी काका ‘नुसतं बघून येऊ’ इतपत कबूल झाले. मी गाडी काढली आणि आम्ही तिघं बेलापूरला गेलो.

अक्षताने टेबलावर वह्या मांडून ठेवल्या होत्या. पांढरे हातमोजे घालून ती पान उलटायची, जशी काही पोथीच. काकी प्रत्येक पानावर ‘हा बघा, हा माझ्याकडे आहे’ म्हणत होत्या. काका उभे होते ते दाराशी. मग तिने पाकिटातून टॉनिकच्या जाहिरातीचा मोठा प्रिंट काढला. मी चेष्टा करायला पुढे वाकलो. तरुण माणूस, पंचविशी-सव्विशीतला. नुसता समोर बघत होता. त्याखाली ‘अशक्तपणा? निरुत्साह?’ असं ठळक छापलेलं, आणि ते शब्द त्या चेहऱ्याखाली मला एकदम हलकट वाटले. काका तोपर्यंत खाली गाडीजवळ जाऊन उभे होते.

परत येताना काकी म्हणाल्या, एवढं बेलापूरपर्यंत आलोय तर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासे घेऊ. मालवणी माणसाला तिथून रिकाम्या हाती नेणं पाप आहे. काकी कोळणींच्या रांगेत शिरल्या. ‘‘आये, ये ना गो, ताजी हाय, आत्ताच होरीतून उतरलीन,’’ अशी हाक आली आणि त्या तिथेच खाली बसून बोंबलांचे कल्ले तपासू लागल्या. आम्ही दोघं धक्क्याच्या कडेला, सुकत घातलेल्या जवळ्याच्या वासात उभे राहिलो. मी पुन्हा टोचलं. म्हटलं, काका, लोक मेल्यावर विसरले जातात, तुम्हाला जिवंतपणी भिंतीवर लावतायत. मूळव्याधीची कसली लाज? होती थोडीच?

‘‘मूळव्याधीची लाज नाय रे,’’ ते म्हणाले. मग खाडीकडे बघत बोलत राहिले, मी तिथे नसल्यासारखे.

प्राचीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. अंकुश. दीड वर्षाचा असताना जुलाब-उलट्यांनी गेला. सगुणाकाकी तेव्हा टायफॉइडने अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून इस्पितळात काका एकटेच होते. मूल गेलं ते पहाटे. त्याला दुपट्यात गुंडाळून काका टॅक्सीने घरी निघाले. टॅक्सीवाला भला माणूस, आरशात बघून म्हणाला, ‘‘सो गया क्या बच्चा?’’ काका म्हणाले, ‘‘हां.’’ त्याने गाडी हळू घेतली, खड्ड्यात मूल जागं होऊ नये म्हणून.

‘‘घरी आलो, सगुणाचा ताप बघितला. म्हटलं, मी रडलो तर ही पण जाईल. नाय रडलो.’’ लहान मुलाचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी काका कामावर गेले, एक बिल घेऊन स्टुडिओत शिरले. तिथे टॉनिकसाठी दिवे लावलेले आणि ठरलेला माणूस आलाच नव्हता. फोटोग्राफरने काकांकडे बघितलं आणि म्हणाला, हलू नका. ‘‘त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मालकाला माहीत होतं, त्याने मान खाली घातली. आणि मी, मी पण हललो नाही.’’

ती जाहिरात तुफान चालली. मग प्रत्येक औषधवाला तोच चेहरा मागू लागला. काका तोंड पाडायचे, पण ते नाटकातल्यासारखं पडायचं. मालक म्हणायचा, तसं नको, त्या दिवशीसारखं हवं. तेव्हा काकांनी एक करून बघितलं. दिवे लागले की ते मनातल्या मनात टॅक्सीत जाऊन बसायचे. टॅक्सीवाला विचारायचा, हे ‘हां’ म्हणायचे. चेहरा बरोबर यायचा.

‘‘टॉनिकसाठी एकदा झालं, ते झालं,’’ काका म्हणाले. ‘‘पण गजकर्णासाठी पण मी त्यालाच बोलावलं. मूळव्याधीसाठी त्यालाच. दीड वर्षाचं पोर रे ते. लोकं पोराला शाळेत घालतात. मी कामाला लावला.’’

काका पुढे म्हणाले, ‘‘त्याचा एकही फोटो नाय आमच्याकडे. काढायचा राहून गेला. माझे बघ किती! आणि आता डोळे मिटले तर त्याचं तोंडच येत नाय समोर. माझंच येतं, छापलेलं. इतक्या वेळा बोलावला, की झिजून गेला.’’

तेवढ्यात काकी पिशवी हलवत येताना दिसल्या. काकांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. ‘‘सगुणाला कळता नये. ती अल्बम लावत बसलीय एवढी वर्षं. कशावर मी तो चेहरा आणायचो हे तिला कळलं, तर ती माझं तोंड बघणार नाही. मी पण बघितलं नसतं.’’

आता माझी पंचाईत झाली. ज्याला खड्ड्यात ढकललं त्यालाच वर काढायचं होतं. मी काकींना म्हटलं, राहू द्या ना, कशाला त्या प्रदर्शनाच्या भानगडीत. प्राचीला फोन करून सांगितलं की तुझंच बरोबर. प्राची गोंधळली, काकी मात्र ढिम्म हलल्या नाहीत. ‘‘नको ते का, हे ह्यांनाच मला सांगू द्या,’’ त्या म्हणाल्या. आणि तेच तर काकांना सांगता येत नव्हतं. नाही म्हणायला कारण हवं, आणि खरं कारण देता येईना, म्हणून त्यांनी हो म्हटलं. मला त्यांनी एकच अट घातली, मुलाखतीला मी समोर बसायचं आणि वेळ आली की विषय बदलायचा. विषय बदलण्यात माझा हात धरणारा सोसायटीत कोणी नाही.

अक्षता कॅमेरा घेऊन आली. काका इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेवर बसले, काकी शेजारी, मांडीवर अल्बम. सुरुवात झकास झाली. काकांनी मालकाच्या गमती सांगितल्या, मिशीवाला मॉडेल घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचा ते सांगितलं. मी पाय सैल सोडले. मग अक्षताने तो टॉनिकचा प्रिंट काढून त्यांच्या हातात दिला.

‘‘काका, हे एक्स्प्रेशन कसं आणायचात? कारण यानंतरच्या सगळ्या फोटोंत एकदम हेच आहे. मी शेजारी शेजारी लावून बघितलं. ॲक्टर लोकांनासुद्धा हे जमत नाही. काहीतरी ट्रिक असणार.’’

काका प्रिंटकडे बघत राहिले. मी म्हटलं, ‘‘अक्षता, चहा घेऊ या का? काकींच्या हातचा चहा म्हणजे…’’

‘‘ट्रिक कसली गो बाय,’’ सगुणाकाकी म्हणाल्या. इतर वेळी त्या माझ्याशी शुद्ध मुंबईचं बोलायच्या, आता एकदम गावचं आलं. ‘‘तो आमच्या अंकुशचो बापूस आसा.’’

काकांची मान झटक्यात वळली.

‘‘आमचो पयलो झील,’’ काकी अक्षताला सांगत होत्या, अगदी शांतपणे. ‘‘तो गेलो तेव्हा ह्येंनी एक टिपूस काढूक नाय. चवथ्या दिवशी ऑफिसात गेले. माका वाटला, दगड आसत. मी तापात पडान एकटी रडलंय. मगे एक दिवस पेपरात ह्यो फोटो इलो. खाली काय तरी टॉनिकाचा लिवलेला. पण एवढो संसार केलंय, अशक्तपणा कसलो आणि दुःख कसला, माका कळत नाय? मी म्हटला, हां. हेंका पण झाला तर दुःख. म्हणान कापून ठेवलंय. मगे दर वेळी कापून ठेवलंय. कुठल्या औषधाचा तां मी वाचूकच नाय.’’

अक्षताने कॅमेऱ्याचं बटण दाबून तो बंद केला. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

‘‘तुला ठाऊक होतं?’’ काका म्हणाले. ‘‘मी त्याला… मूळव्याधीसाठी, सगुणा. मी त्याला…’’

‘‘त्येची लाज वाटता तुमका?’’ काकी त्यांच्याकडे वळल्या, आणि तेव्हा मला कळलं की ही बाई शांत नव्हती, कधीच नव्हती. ‘‘आख्ख्या महाराष्ट्राक दाखवलात ह्यो चेहरो. ज्येंका खाज येय, झोप नाय येय, त्येंका सगळ्यांक दाखवलात. माका पेपरात बघूक लागला. संध्याकाळी दारात इलात की हसत येय होतात. घराक आणूक काय झालेला तुमका?’’

‘‘तू आजारी होतीस,’’ काका म्हणाले.

‘‘मी म्हयनोभर आजारी होतंय. मगे?’’

ज्या गोष्टीची लाज काका जन्मभर वागवत आले, ती बाईने एका शब्दात बाजूला सारली होती आणि ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी होती, ती त्यांच्या ध्यानातही आली नव्हती. त्यांनी प्रिंट खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी उठलो, अक्षताला खूण केली. दुसऱ्याच्या घरात हे बघत बसायला मला पहिल्यांदाच लाज वाटली. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा काकी नवऱ्याची बोटं एकेक करून चेहऱ्यावरून काढत होत्या.

‘‘झाकू नकात,’’ त्या म्हणत होत्या. ‘‘माका बघूक द्या.’’